वीस फूट पाण्यात

आमच्या यावल-चोपड्याच्या केळीपट्ट्यात विहीर खणायला घेतली तर वीस फुटांवर कुणी थांबत नाही. तिथं तर काम नुकतं सुरू झालेलं असतं. २४ जुलै १९१५ च्या सकाळी अमेरिकेतल्या शिकागो शहरात ‘ईस्टलँड’ नावाचं प्रवासी जहाज नदीत आडवं झालं, तेव्हा त्याच्याखाली पाणी एवढंच होतं, साधारण वीस फूट. जहाज धक्क्याला दोरांनी बांधलेलं होतं. वादळ नव्हतं, आग लागली नव्हती, कुणाशी टक्कर झाली नव्हती, तळाला भोक पडलं नव्हतं. जहाज अजून निघालंसुद्धा नव्हतं. तरी ८४४ माणसं मेली. बावीस कुटुंबं अशी, की घरात मागं रडायलाही कुणी उरलं नाही.

‘टायटॅनिक’ सगळ्यांना माहीत असतं. शाळेतल्या पोरांना हिमनग, वर्ष, कप्तान, सगळं पाठ असतं. ईस्टलँडचं नाव मी विचारून पाहिलं, तर दहातल्या एकालाही सांगता आलं नाही. खरं म्हणजे या दोन जहाजांचं एकमेकांशी नातं आहे. ते समजलं की जहाज बुडतं म्हणजे नेमकं काय होतं, हे आपल्यासारख्या समुद्रापासून लांब राहणाऱ्या माणसालाही नीट कळतं.

आधी आपल्या ओळखीची गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

लहानपणी शेतातून ज्वारीचा कडबा घरी आणायचो. बैलगाडीच्या साटीवर पेंढ्या रचत रचत गाडी घराच्या माळवदाएवढी उंच व्हायची, वरून सोल आवळायचा, आणि सगळ्यात वर आम्ही दोघं भाऊ. गावाच्या अलीकडे एक नाला लागायचा. नाल्यात उतरताना एक चाक चाकोरीतून निसटून खोलगट भागात गेलं की सगळी गाडी एका अंगाला झुकायची. अप्पा बैलांची वेसण धरून तिथंच थांबायचे आणि ओरडायचे, “खाले उतरा!” आम्ही दोघं मिळून पाऊण क्विंटलही भरत नसू. कडब्याच्या मानानं आमचं वजन काहीच नाही. पण आम्ही खाली उतरलो की गाडी सावरायची. एकदा मी उतरलो नाही, वर बसूनच गंमत बघत राहिलो. गाडी उलटली नाही, पण उजवं चाक जमिनीपासून चांगलं चार बोटं उचललं गेलं आणि परत आदळलं. त्या चार बोटांची भीती अजून अंगात आहे. त्या दिवशी अप्पांनी मारलं नाही, फक्त सांगितलं, “जड ते खाले, हलकं ते वर.”

जहाजाचं सगळं शास्त्र या वाक्यात बसतं. फक्त जमिनीच्या जागी पाणी धरायचं.

पाण्यावर तरंगणाऱ्या वस्तूवर दोन जोर चालतात. एक तिचं स्वतःचं वजन, ते खाली ओढतं. दुसरा पाण्याचा रेटा, तो वर उचलतो. सगळं वजन जणू एकाच जागेतून खाली ओढत असतं, त्या जागेला गुरुत्वमध्य म्हणतात. पाण्याचा रेटाही एका जागेतून वर येतो. जहाजाचा जेवढा भाग पाण्याखाली आहे, त्याच्या मध्यातून. जहाज सरळ उभं असतं तेव्हा या दोन्ही जागा एका ओळंब्यात असतात आणि सगळं शांत असतं.

आता जहाज डावीकडे झुकलं असं समजा. डावी कूस जास्त पाण्यात गेली, उजवी वर आली. बुडालेल्या भागाचा मध्य डावीकडे सरकला, म्हणून पाण्याचा रेटाही डावीकडे सरकला. म्हणजे जी बाजू खाली गेली, तिलाच पाणी खालून उचलू लागलं, आणि जहाज परत सरळ झालं. पाणी जहाजाला असं दिवसभर सांभाळत असतं, प्रवाशाला कळतही नाही.

पण यात एक अट आहे. जहाज झुकलं की वजनाची जागासुद्धा त्या बाजूला सरकते. वजन खाली, तळाजवळ असेल तर थोडीच सरकते. वजन उंचावर असेल तर बरीच सरकते, जसा लांब बांबूचा शेंडा बुडख्यापेक्षा जास्त हलतो तसा. रेटा जोवर वजनापेक्षा बाहेरच्या अंगाला आहे, तोवर तो जहाजाला सावरतो. वजन रेट्याच्या पलीकडे गेलं, की तोच रेटा जहाजाला उलथवायला मदत करू लागतो. मग कुणाच्या हातात काही राहत नाही. जहाज बांधणारे हा फरक मेटासेंट्रिक उंची नावाच्या एका मापानं मोजतात. ते माप भरपूर असेल तर जहाज झुकलं की लगेच उभं राहतं. कमी असेल तर झुकल्यावर रेंगाळतं, जडपणे, उशिरा परततं. माप शून्याखाली गेलं तर ते सरळ उभं राहूच शकत नाही.

ईस्टलँड पहिल्यापासून रेंगाळणारं जहाज होतं.

१९०३ मध्ये मिशिगन राज्यातल्या पोर्ट ह्यूरॉन इथं ते बांधलं गेलं. लांबी २६५ फूट, रुंदी अवघी ३८ फूट. मिशिगन सरोवराच्या पलीकडच्या काठावर साउथ हेवन नावाचं फळबागांचं गाव आहे. तिथली फळं आणि प्रवासी शिकागोला न्यायचे, हा त्याचा मूळ धंदा. आपल्या सावदा-रावेरहून केळी निघतात, तसा तो व्यापार. साउथ हेवनच्या बंदरात नदीतून शिरावं लागतं, म्हणून जहाजाचं बूड उथळ ठेवलं होतं. आणि वेग हवा म्हणून ते अरुंद. उथळ, अरुंद, आणि वर मजल्यांवर मजले. वेगामुळं लोक त्याला तिथल्या मोठ्या सरोवरांची, म्हणजे ग्रेट लेक्सची, वेगराणी म्हणायचे.

१९०४ च्या जुलैमध्ये सुमारे तीन हजार माणसं घेऊन जाताना ते धोकादायक झुकलं. १९०६ मध्ये पुन्हा. १९१२ मध्ये पुन्हा. प्रत्येक वेळी खलाशांनी तळाच्या टाक्यांत पाणी इकडून तिकडं करून, माणसांना हलवून ते कसंबसं सावरलं. लोकांत कुजबुज तर आधीपासूनच होती. म्हणून १९१० मध्येच त्या वेळच्या मालकांनी क्लीव्हलंडच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली, की हे जहाज असुरक्षित आहे असं म्हणणारा कुणी जाणकार असेल तर पुढं यावं, ५,००० डॉलर देऊ. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत जास्त टोचते. अकरा वर्षं जहाज स्वतः सांगत होतं की मी झुकतो. दर वेळी ते वाचलं, आणि दर वेळी वाचलं हाच ते चांगलं असल्याचा पुरावा धरला गेला.

आता ‘टायटॅनिक’शी असलेलं नातं. १९१२ मध्ये ते बुडालं तेव्हा त्यावर सुमारे २,२०० माणसं होती, आणि जीवरक्षक होड्यांमध्ये जागा होती १,१७८ जणांची. जगभर संताप उसळला, आणि तो रास्तच होता. प्रत्येक माणसाला होडीत जागा हवी, ही मागणी पुढं आली आणि अमेरिकेत १९१५ च्या मार्चमध्ये खलाशांचा नवा कायदा झाला. त्याची चर्चा चालू असताना ग्रेट लेक्सवरच्या एका जहाज कंपनीच्या व्यवस्थापकानं इशारा दिला होता. आमची सरोवरांवरची जहाजं उथळ बुडाची आहेत, त्यांच्या माथ्यावर एवढ्या होड्या चढवल्या तर त्यांतली काही उलटतील, असं त्याचं म्हणणं होतं. कायदा वाईट नव्हता. पण होडी म्हणजे नुसता जीव वाचवण्याचा हक्क नाही, ती लाकूड-लोखंडाचं वजनही आहे, आणि ते सगळं वजन जहाजाच्या सर्वांत वरच्या मजल्यावर जाणार, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात पक्कं बसलं नाही.

२ जुलै १९१५ ला ईस्टलँडच्या माथ्यावर आणखी तीन होड्या आणि सहा तराफे बसवले गेले. चौदा-पंधरा टनांचं वजन. त्याच्या आधी, जेवणघराची लाकडी जमीन कुजली म्हणून तिथं काँक्रीट ओतलं होतं, तेही काही टन. होड्या वाढल्या म्हणून परवान्यावरची प्रवाशांची संख्याही वाढली, २,५०० झाली. एवढे बदल झाल्यावर जहाज किती झुकतं आणि किती लवकर परततं, याची चाचणी कुणी घेतली नाही. पुरेपूर माणसं भरून, नव्या होड्यांसकट ते पहिल्यांदा उभं राहिलं ते २४ जुलैच्या सकाळी.

तो शनिवार होता. शिकागोजवळ सिसेरो इथं वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न कारखाना होता, तिथं टेलिफोन बनायचे. कामगारांत बरेचसे बोहेमिया (आजच्या चेक प्रजासत्ताकाचा भाग), पोलंड अशा भागांतून आलेले. आपल्याकडची घरंच्या घरं जशी सुरतेला उठून गेली, तशी ही माणसं पोटासाठी आलेली. वर्षातून एकदा कारखान्याची सहल निघायची. सरोवर ओलांडून मिशिगन सिटीला जायचं, दिवसभर खेळायचं, खायचं, संध्याकाळी परतायचं. त्यासाठी पाच जहाजं ठरवली होती, त्यांतलं ईस्टलँड आधी निघणार होतं. बायका-पोरं ठेवणीतले कपडे घालून पहाटेच धक्क्यावर आली होती.

साडेसहाला माणसं चढू लागली, मिनिटाला पन्नासेक. ६.४१ ला जहाज धक्क्याच्या बाजूला थोडं झुकलं. यात नवल काही नव्हतं, माणसं त्याच बाजूनं आत येत होती. इंजिनियरनं पलीकडच्या टाक्यांत पाणी घेतलं, जहाज सरळ झालं. थोड्याच वेळात ते नदीच्या बाजूला झुकलं. परत टाक्या, परत सरळ, परत झुकणं. ७.१० पर्यंत जहाज भरलं. खलाशी धरून २,५७२ माणसं. रिमझिम पाऊस लागला म्हणून बऱ्याच बाया लेकरांना घेऊन खालच्या मजल्यांवर गेल्या. वर वाद्यं वाजत होती, पोरं नाचत होती. जहाज झुकलं की लोक हसायचे, झोपाळ्यावर बसल्यासारखे.

इथं त्या टाक्यांविषयी सांगायला हवं, कारण चावी तिथंच आहे. जहाजाच्या तळाशी पाण्याच्या टाक्या असतात. त्या गच्च भरल्या तर तळ जड होतो, जहाज स्थिर होतं. अगदी रिकाम्या असतील तर निदान त्रास तरी देत नाहीत. अर्धवट भरलेली टाकी मात्र घातक. उन्हाळ्यात अमळनेर-पारोळ्याच्या गावांत पाणी घेऊन जाणारे ट्रॅक्टर टँकर ज्यांनी चालवले आहेत, त्यांना हे सांगायला नको. भरलेला टँकर वळणावर बरा वागतो. अर्धा टँकर वळणावर ट्रॅक्टरला ओढतो, कारण ट्रॅक्टर जिकडं झुकेल तिकडंच आतलं पाणी धावतं आणि झुकणं आणखी वाढवतं. परातीत पाणी घेऊन दोन हातांनी चाला, तोच अनुभव येईल. ईस्टलँडच्या टाक्यांवर पाणी किती आहे ते दाखवणारं मापच नव्हतं. इंजिनियर अंदाजानं भरत होता, अंदाजानं उपसत होता. टाक्या भरायला वेळ लागायचा, आणि माणसं त्याहून वेगानं चढत होती.

नदीच्या बाजूचे खालचे दरवाजे उघडे होते. जहाज त्या अंगाला पुरेसं झुकल्यावर त्यातून नदीचं पाणी आत येऊ लागलं. खाली कोळसा टाकणारे कामगार शिड्या चढून वर पळाले. जहाज इतकं कललेलं बघून बंदराच्या अधिकाऱ्यानं, जहाजांना वाट द्यायला उघडतात तो नदीवरचा पुढचा पूल उघडू दिला नाही. मागचा दोर सोडला गेला होता, पुढचा अजून बांधलेलाच होता. दारूच्या काउंटरमागचं मोठं शीतकपाट कोसळलं, पियानो उतारावरून घसरत गेला, आणि हसणं थांबलं. ७.२८ ला जहाज डाव्या कुशीवर आडवं झालं. उजवी कूस पाण्याबाहेर राहिली, जणू म्हैस डोहात बसावी.

वरच्या डेकवरची काही माणसं कठडा ओलांडून त्या उघड्या कुशीवर चालत आली, काहींचे तर कपडेही भिजले नाहीत. आणि त्यांच्या पायाखाली, लोखंडाच्या पत्र्यापलीकडं, शेकडो माणसं अडकली होती. जिने आडवे झाले, दारं डोक्यावर गेली, जड सामान आणि माणसं एका भिंतीवर कोसळली. बरेच जण बुडण्याआधीच चेंगरले किंवा गुदमरले. पाण्यात पडलेल्यांना लांब झग्यांमुळं हात मारता येईनात, आणि पोहायला येणारे तसेही थोडेच. नदीकाठीच शहराचा फळ-भाजीचा घाऊक बाजार होता. तिथल्या हमालांनी आणि दुकानदारांनी लाकडी खोकी, कोंबड्यांचे पिंजरे, जे तरंगेल ते नदीत फेकलं. ‘केनोशा’ नावाची, जहाजं ओढणारी छोटी टगबोट जहाज आणि धक्का यांच्यामध्ये पुलासारखी उभी राहिली, तिच्यावरून अनेक जण काठाला आले. मग पत्रा गॅसनं कापायला सुरुवात झाली.

प्रेतं सैन्याच्या एका मोठ्या सभागृहात ओळीनं ठेवली होती. त्यांत ३९६ क्रमांकाचा एक सातेक वर्षांचा मुलगा होता. त्याला न्यायला कितीतरी दिवस कुणी आलं नाही, कारण त्याचे आई-बाप आणि बहीण त्याच जहाजावर गेली होती. शेवटी त्याची आजी आली. नव्या कपड्यांसोबत तशाच दोन चड्ड्या घेतलेल्या होत्या, त्यातली घरी राहिलेली दुसरी चड्डी ती बरोबर घेऊन आली. तेवढ्या पुराव्यावर पोराला नाव मिळालं.

कोर्टाचं थोडक्यात सांगतो. कप्तान, इंजिनियर, मालक यांच्यावर खटले झाले. इंजिनियरच्या बाजूनं क्लॅरन्स डॅरो हा त्या काळचा नामांकित वकील उभा राहिला. फौजदारी खटल्यात कुणालाही शिक्षा झाली नाही. नुकसानभरपाईचा दावा रखडत रखडत १९३५ मध्ये संपला. निकाल असा, की जहाज चांगलं होतं, कंपनीचा दोष नाही, टाक्या हाताळणाऱ्या इंजिनियरचा दोष. तो इंजिनियर तोपर्यंत मरून कित्येक वर्षं झाली होती. वीस वर्षं वाट पाहिलेल्या घरांच्या हाती जवळजवळ काहीच पडलं नाही.

आपल्याकडची दुर्घटना ठाऊक असलेल्यांना एव्हाना ‘रामदास’ बोट आठवली असेल. १७ जुलै १९४७, आषाढातली अमावास्या. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट सणाला गावी जाणाऱ्या माणसांनी भरली होती. काशाच्या खडकाजवळ ती उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. तिथं समुद्र खवळलेला होता, ईस्टलँडची नदी शांत होती. पण बोट एका कुशीला झुकल्यावर घाबरलेली गर्दी दुसऱ्या कुशीला लोटली, असं वाचलेल्यांनी सांगितलं. पळणारी गर्दीसुद्धा अर्ध्या टाकीतल्या पाण्यासारखीच वागते. २००२ मध्ये सेनेगलचं ‘ल जोला’ उलटलं. ते बांधलं होतं ५८० माणसांसाठी, आणि मेली १,८०० हून अधिक.

आणि खानदेशापासून हे लांब आहे असं कुणाला वाटत असेल तर १५ जानेवारी २०१९ आठवा. संक्रांतीच्या दिवशी धडगाव तालुक्यात भूषा गावाजवळ नर्मदेत गर्दीनं भरलेली बोट उलटली आणि आपली लेकरं बुडाली. सरदार सरोवराचं पाणी मागं चढल्यापासून त्या डोंगरातल्या कित्येक पाड्यांना बोटीशिवाय रस्ता नाही. तिथं दवाखानासुद्धा बोटीतून येतो. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिलं. बोटीत चढलात तर खाली, तळाला बसा, उभे राहू नका, पोरांना टपावर चढू देऊ नका. जड पोती पायाशी ठेवा. बोट झुकली तर सगळ्यांनी मिळून पलीकडं धावू नका. आणि काठालाच, माणसं चढत असताना, बोट कशी वागते ते बघा. झुकून झटकन सरळ होत असेल तर तिचं ठीक आहे. झुकून तिथंच रेंगाळत असेल, सावकाश परत येत असेल, तर उतरा आणि पुढच्या फेरीची वाट बघा. नावाडी हसला तरी उतरा.

ईस्टलँड नदीतून उचलून सरळ केलं गेलं आणि अमेरिकन नौदलानं विकत घेतलं. वरचा पसारा उतरवून त्याची तोफांची नौका केली, ‘विल्मेट’ असं नवं नाव दिलं. त्याच सरोवरांवर त्यानं नौसैनिकांच्या पिढ्यांना शिकवलं. १९४३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट त्यावरून फिरून आले. १९४६ मध्ये ते भंगारात विकलं, तोवर ते पुन्हा कधी उलटलं नाही.